कापसाचं पोट

कामाच्या दिवशी शिवणाच्या दुकानाचं शटर पूर्ण ओढलेलं असलं तर मास्तरांच्या घरात कोणीतरी गेलं, आणि अर्धं ओढलेलं असलं तर कोणीतरी काहीतरी केलं, हे रस्त्यावरच्या लोकांना आता पाठ झालं होतं. घराच्या वाटणीच्या वेळी ते असंच अर्ध्यावर होतं. आज सुट्टीचा वार असूनही ते अर्ध्यावर आलेलं पाहताच समोरच्या सलूनवाल्यानं आपली खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवली आणि हातातली दाढी फार सावकाश करायला घेतली.

आत कापायच्या टेबलाभोवती घर जमलं होतं. वर माडीवर बसायची खोली होती, नाही असं नाही; पण तिथं फक्त चांगली बातमी सांगायची पद्धत होती, त्यामुळे ती गेली काही वर्षं वापरात नव्हती. मास्तर नेहमीप्रमाणे टेबलाच्या डोक्याशी, गळ्यात टेप. घरात काहीही घडो, टेप गळ्यातून निघत नसे. त्यांच्या उजव्या हाताला थोरली सून, म्हणजे दुकानाचा बायकांचा विभाग. डाव्या हाताला त्यांची लेक, म्हणजे सगळ्यांची आत्या. शाळेत विज्ञान शिकवते, लग्न केलं नाही, आणि दोन्हींचा तिला सारखाच अभिमान. थोरला मुलगा कापड आणायला परगावी गेला होता. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, की काहीही झालं तरी दुकान बंद ठेवू नका. धाकटा मुलगा शिलाई यंत्रावर बसून रिकामंच पायडल मारत होता. आणि काज-बटणांच्या कोपऱ्यात, दिव्याखाली, धाकटी सून. ती बॉबिनची आई असल्यामुळे तिला बैठकीत बसायला जागा होती. बोलायला असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

बॉबिन लहानपणी शिलाई यंत्रातल्या रिळासारखी घरभर गरगर फिरायची म्हणून तिला ते नाव पडलं. आता ती सोळा वर्षांची होती आणि फिरणं कमी झालं होतं.

बातमी काल दुपारी फुटली. बँडवाल्यांच्या कोटांची घाई होती, सगळे खाली मान घालून कामात. थोरलीनं बॉबिनचा शाळेचा झगा मांडीवर घेऊन कमरेची शिवण उसवायला सुरुवात केली, तेव्हा बॉबिन तिच्याजवळ येऊन म्हणाली, “काकू, राहू दे. आत शिवणीत सोडायला माया उरलेली नाही. आणि उरली असती तरी पुरली नसती. मला बाळ होणार आहे.”

“कोणाचं?” थोरलीनं विचारलं. कापडाच्या गठ्ठ्यावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी नसली की ती याच सुरात विचारायची.

आता कोणी म्हणेल, ज्या घरात पोट भरतं ते लोकांच्या कमरा मोजून, त्या घराला हे दिसलं कसं नाही? दिसलं होतं. चांगलं तिघांना दिसलं होतं. अडचण दिसण्याची नव्हती. मास्तरांच्या दुकानाचं नाव शिवणीपेक्षा मौनासाठी मोठं होतं. इथं माप तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्यानं टेपवर बघायचं, लिहिणाऱ्याला बोटांनी दाखवायचं, आणि दोघांनी चेहरा असा ठेवायचा की जणू समोरच्या माणसाला कंबर नाहीच. ज्याचं पोट सुटलं त्याला ते मास्तरांकडून कळत नसे. त्याची विजार फक्त पुढच्या वेळी बिनबोभाट सैल येई. अख्खं गाव या सभ्यतेवर खूश होतं. याच सभ्यतेनं बॉबिनचा झगा पहिल्यांदा थोरलीनं उसवला आणि मनाशी म्हणाली, आईला माहीत असेलच. दुसऱ्यांदा मास्तरांनी उसवला आणि समजले, बायकांचं बायका बघतील. तिसऱ्यांदा हूक सरकवून दिला तो धाकटीनं स्वतः. हूक सरकवताना तिचा हात थांबला होता. मग तो पुढे चालला, कारण आधीच्या दोन उसवणी तिला दिसल्या, आणि ज्याअर्थी घरातली जाणती माणसं काही बोलली नाहीत त्याअर्थी बोलण्यासारखं काही नसावं, असं तिनं ठरवून टाकलं. हे ठरवणं तिला काल रात्रीपासून जेवू देत नव्हतं.

मुलगा कोण, हे बॉबिननं लगेच सांगितलं. समोरच्या औषधवाल्यांचा, तिच्याच वर्गातला, तिच्याहून काही महिन्यांनी मोठा. दोघं त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधे बसून अभ्यास करायची. गुण चांगले पडत होते, त्यामुळे कोणी चौकशी केली नाही. औषधवाल्याच्या मुलाला एवढंही कळू नये, असं आत्या तीन वेळा म्हणाली. पण त्याला कळणार कुठून? ती वस्तू त्याच्या डोक्यावरच्या फळीवर रचून ठेवलेली होती हे खरं. पण तो वडिलांच्या हाताखाली शिकला तेव्हा पहिला धडा हाच होता, की गिऱ्हाइकानं ती मागितली तर वर न बघता कागदात गुंडाळायची, नाव वाचायचं नाही, आणि उरलेले पैसे देताना हवापाण्याचं बोलायचं. गुंडाळण्यात त्या पोराचा हात धरणारं कोणी नव्हतं.

औषधवाले सकाळीच येऊन गेले होते. फार सज्जन माणूस. चपला बाहेर काढल्या, मास्तरांच्या पाया पडले, आणि मुलाचं वय कसं नाजूक आहे ते सांगून डोळे टिपले. मुलीचंही वय तेच आहे, असं कोणीतरी म्हणाल्यावर त्यांनी दुःखानं मान हलवली. मुलाला कालच त्याच्या मामाकडे पाठवलं होतं. तिथं शांतता आहे, परीक्षेचा अभ्यास होईल. लग्नाचं म्हणाल तर दोघांचंही वय बसत नाही, कायद्यापुढे कोणाचं काय चालतं? जाताना त्यांनी रक्तवाढीच्या औषधाची बाटली टेबलावर ठेवली. पैसे घेतले नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

“माणूस वाईट नाही,” मास्तर म्हणाले. मास्तरांचं हे मत बऱ्याच लोकांबद्दल होतं.

त्यानंतर बैठकीत एकेक मार्ग कापायला घेतला आणि तुकडे खाली टाकले. बॉबिनला तिच्या मावशीकडे पाठवावं, तर मावशीनं फोनवर आधी रडून घेतलं आणि मग आपल्या दोन मुली लग्नाच्या आहेत याची आठवण दिली. शाळा सोडल्याचं सांगून माडीवर ठेवावं, तर बाळाचा आवाज माडीवर राहत नाही. थोरली म्हणाली, हे सगळं मुलीच्या हाती फोन दिल्यानं झालं. आत्या म्हणाली, फोननं असं होत नाही, ती विज्ञानाची शिक्षिका आहे, तिला माहीत आहे. मग वर्गात सांगितलं का नाहीस, असं थोरलीनं विचारलं. आणि वाटणीपासून एकमेकींशी न बोललेल्या दोघी त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर बोलल्या.

आत्यानं खुलासा केला. तो धडा ती दर वर्षी घेते. म्हणजे पान उघडायला लावते आणि सांगते, हा घरी वाचून या. वर्गात मुलं हसतात, शिस्त बिघडते.

हे ऐकताना धाकटीची सुई बोटात गेली. बॉबिन मागच्या वर्षी ते पुस्तक घेऊन तिच्याकडे आली होती. एका चित्रावर बोट ठेवून काहीतरी विचारलं होतं. धाकटीनं चित्राकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. पोळपाट उचलला होता आणि म्हणाली होती, आत्याला विचार, ती शिकलेली आहे.

मग आत्यालाच तो मार्ग सुचला. तिनं टाळी वाजवावी तसा हात टेबलावर ठेवला. “धाकटी वहिनी अजून चाळिशीच्या आत आहे.”

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. त्या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती, पण इतक्या जणांनी एकदम पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

मार्ग सरळ होता. दिवस गेलेत ते धाकटीला. उशिरा, पण जातात, विज्ञानाची हरकत नाही. बॉबिनला कावीळ झाली म्हणून घरात ठेवायचं. वेळ आली की मायलेकी दूरच्या एखाद्या गावी जातील आणि येताना बॉबिनला आणखी एक भाऊ किंवा बहीण होईल. तोवर धाकटीनं रस्त्यावर दिसेल असं वावरायचं. प्रश्न फक्त पोटाचा होता. आणि पोट शिवायला या घराला बाहेर जावं लागणार नव्हतं.

“कापसाचं नको,” थोरली चटकन म्हणाली. पाच मिनिटांपूर्वी ती या कल्पनेला बेअब्रू म्हणत होती. “कापूस कडेला सरकतो. फोम घ्या.”

“फोम चालताना डुलत नाही,” आत्या म्हणाली.

“आत फोम, वर कापूस,” मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली जशी बँडवाल्यांचे कोट घेताना आली नव्हती. त्यांनी खडू उचलला. पोट नुसतं पुढे येत नसतं, ते खाली उतरतं, हे त्यांनी टेबलावर रेघ ओढून दाखवलं. वजन खांद्यावरून यायला हवं, कमरेवरून आलं तर बाई ताठ चालेल आणि लोक ओळखतील. दर महिन्याला नवं शिवण्यापेक्षा एकच शिवावं, मागं पट्ट्या ठेवाव्या आणि भर घालत जावी. थोरलीनं अस्तराचं कापड काढलं. आत्यानं, तिला कोणी सांगितलं नसताना, सुईत दोरा ओवला. जी माणसं वाटणीत एका कात्रीवरून कोर्टात जायला निघाली होती ती आता एकमेकांना कात्री पुढे करत होती. घर एकत्र येतं ते असं.

धाकट्यानं पायडल थांबवलं. “तुला चालेल ना?” त्यानं बायकोला विचारलं. बिचारा चांगला होता. विचारायचं असतं हे त्याला माहीत होतं, फक्त कापड कापून झाल्यावर.

“चालेल,” धाकटी म्हणाली. या शब्दाला तिला विचार करावा लागत नसे.

दुपारपर्यंत कच्च्या टाक्यांवर पोट तयार झालं. धाकटीला टेबलाजवळच्या खोक्यावर उभं करून थोरलीनं ते चढवलं, पट्ट्या पाठीवर फुलीसारख्या बांधल्या, वरून साडी नीट केली. आणि गंमत अशी, की ते पोट चढल्याबरोबर घर बदललं. आत्यानं तिला हात देऊन खाली उतरवलं. थोरलीनं स्टूल पुढे केलं. मास्तरांनी पाणी आणायला सांगितलं. धाकटी खाली पडलेलं बटण उचलायला गेली, तर धाकटा ओरडला, “वाकू नकोस.” दोन खऱ्या बाळंतपणांत तिला या घरातून एवढं मिळालं नव्हतं. दुसऱ्या वेळी, म्हणजे आता आजोळी शिकणाऱ्या लेकाच्या वेळी, तर ती आदल्या संध्याकाळपर्यंत काज करत होती. आपल्याकडे कापसाला मान आहे, असं तिच्या मनात आलं.

पाणी बॉबिननं आणलं. टाचण्याही तीच उचलत होती, गुडघ्यांवर बसून, हातात लोहचुंबक घेऊन. सकाळपासून तिच्याशी कोणी वाईट बोललं नव्हतं. कोणी बोललंच नव्हतं. थोरलीनं फक्त मधे सांगितलं, की बाजूला हो, उजेड अडतोय.

टाचण्या संपल्यावर बॉबिन उठायला गेली आणि उठली नाही. टेबलाचा पाय धरून तशीच बसून राहिली. धाकटी स्टुलावरून उतरून तिच्याजवळ गेली. पोरीच्या पायातली चपलेची पट्टी मांसात रुतली होती. धाकटीनं ती काढली तेव्हा खाली पन्हाळीसारखा खड्डा राहिला आणि भरून आला नाही.

“डोकं दुखतंय, आई,” बॉबिन हळूच म्हणाली. “कालपासून. आणि मधेच डोळ्यांपुढे चमकतं.”

“वाचून वाचून होतं,” आत्या म्हणाली.

धाकटीनं मान वर केली. “हिला डॉक्टरकडे न्यायला हवं.”

मग सगळे समजुतीनं बोलले. डॉक्टर वय विचारतो. वय सांगितलं की तो पुढं पोलिसांत कळवतो, त्याला कळवावंच लागतं. मग एवढं शिवून उपयोग काय? शिवाय औषधवाल्यांनी बाटली दिलीच आहे. जगात बायका काय थोड्या वेळा बाळंत होतात? थोडं थांबू, म्हणाले मास्तर, आधी हे पोट नीट बसू दे.

“डॉक्टरांवरून आठवलं,” आत्या म्हणाली, “वहिनीला मात्र दवाखान्यात जाताना लोकांनी बघायला हवं. चाळिशीला आलेली बाई, दिवस गेलेले, आणि तपासणीला जात नाही? लोक शंका घेतील. दर महिन्याला जायला हवं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हा मुद्दा कोणाच्याच लक्षात आला नव्हता. खोट्या पोटाची दर महिन्याला तपासणी व्हायला हवी, आणि खरं घरीच राहील, यावर त्या टेबलाभोवती एकमत झालं. धाकटीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीतरी हसेल असं तिला वाटलं. कोणी हसलं नाही. इतकी वर्षं ती या माणसांना आपल्याहून शहाणं समजत आली होती. ती समजूत नेमकी त्या क्षणी, फार आवाज न करता, फाटली.

“मग आजच जाते,” ती म्हणाली. “आता ऊन उतरलंय, रस्त्यावर माणसं असतील. बघतील.”

“उत्तम,” आत्या म्हणाली.

“एकटी गेले तर बरं दिसणार नाही. सोबत हवी कोणीतरी.” तिनं बॉबिनच्या खांद्यावर शाल टाकली. “हिला नेते. कावीळ अजून सांगितलेली नाही कोणाला.”

थोरलीनं डोळे बारीक केले. थोरली मूर्ख नव्हती. तिनं बॉबिनच्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. मग ती वळली आणि आत्याला म्हणाली, “जाऊ दे त्यांना. रिक्षा मागच्या दारानं बोलाव, हिला चालवणार नाही.” हिला म्हणजे कोणाला, ते तिनं सांगितलं नाही.

मागच्या दाराचं धाकटीनं ऐकलं नाही. लोकांना दाखवायला जातोय ना, मग पुढून जाऊ, म्हणाली. मास्तरांनी स्वतः शटर वर केलं आणि तिच्या पाठीमागून, कोणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, की डावीकडे जरा झुकतंय, परत आल्यावर बघू.

सलूनवाल्यानं पाहिलं. औषधवाल्यांनीही पाहिलं, आणि एकदम काउंटरखाली काहीतरी शोधायला लागले.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती, पण धाकटी दारात दिसताच दोन माणसं एकदम उठली. “बसा बाई, बसा,” एक म्हातारा म्हणाला, “अशा अवस्थेत उभं राहू नये.” धाकटीनं त्याचे आभार मानले आणि त्या जागेवर बॉबिनला बसवलं. म्हाताऱ्याला ते आवडलं नाही. हल्लीच्या मुलींना काही वाटत नाही, असं तो बाजूच्याला म्हणाला.

नर्स रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली आणि धाकटीचा दंड धरू लागली.

“माझा नको. हिचा बघा.”

नर्सनं एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि पट्टा बॉबिनच्या दंडाला बांधला. फुगा दाबला, सोडला, परत दाबला. मग काही न बोलता उठली आणि रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून बॉबिनला थेट आत घेऊन गेली. तिच्या चालण्याचा वेग बघून धाकटी जवळजवळ पळतच मागं गेली.

डॉक्टर बाई साठीच्या होत्या, केस कापलेले. बॉबिनला पडद्याआड तपासेपर्यंत धाकटीनं पाठीवरच्या पट्ट्या सोडल्या आणि पोट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं. उचलून आतली बाजू बघितली.

“घरी शिवलंत?”

“हो. आमचा तोच धंदा आहे.”

“छान शिवलंय,” डॉक्टर म्हणाल्या आणि ते खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेल्या. हात धूत धूत त्यांनी बाकीचं सांगितलं. रक्तदाब फार वर गेलाय, रक्त कमी आहे, आज घरी जायचं नाही. उद्यावर टाकलं असतं तर झटके आले असते. मग आई की बाळ असं विचारायलाही कोणी थांबत नाही. या वयात शरीर स्वतःच अजून वाढत असतं, त्यातून दुसरं वाढवायचं म्हणजे दोघांच्याही वाट्याला कमी. वयाचं कळवावं लागेल. पोलिसांकडून एक बाई येऊन प्रश्न विचारतील, मुलाच्या घरीही जातील. हे सगळं त्यांनी काही न गाळता आणि आवाज खाली न आणता सांगितलं. धाकटीला आधी वाटलं, बाहेरचे ऐकतील. मग वाटलं, ऐकू देत.

पिशवीत फोन वाजला. आत्या होती. तिला एवढंच हवं होतं, की लोकांनी पाहिलं का?

“पाहिलं,” धाकटी म्हणाली. “आम्ही आज इथंच राहतोय, वन्सं. ह्यांना सांगा, बॉबिनचे कपडे घेऊन या. बॉबिनचे, माझे नकोत. आणि पुढच्या दारानं या म्हणावं.” पलीकडून बरंच काही येऊ लागलं. तिनं फोन बंद केला आणि आपण वन्संचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पडदा सरकवला तेव्हा बॉबिन खाटेवर होती, हाताला सुई, टेकून बसलेली. डॉक्टरांनी स्टूल ओढलं.

“बोल. तुझं काय म्हणणं आहे?”

“ती घाबरलीय हो,” धाकटी म्हणाली, “तिला आता—”

“तिला विचारलं मी.”

बॉबिननं आईकडे पाहिलं. आई खिडकीच्या गजांकडे बघत होती, मुद्दाम, कारण पोरीकडे पाहिलं असतं तर तिनं पुन्हा स्वतःच उत्तर दिलं असतं.

“मला परीक्षेला बसायचंय,” बॉबिन म्हणाली. “बाळाचं मला अजून ठरवता येत नाही. कसं ठरवायचं तेच कळत नाही. मला हे काय होतंय, तेच कोणी सांगितलेलं नाही. आत नक्की काय चाललंय, कसं झालं, आता काय काय होणार. तुम्ही सांगाल? सगळं?”

“सांगते की,” डॉक्टर म्हणाल्या, आणि टेबलावरचा कागद ओढून त्यांनी एक मोठं चित्र काढायला घेतलं.

धाकटी उठली. असलं बोलणं सुरू झालं की खोलीतून उठायचं, हे तिच्या पायांना माहीत होतं. दारापर्यंत ती गेलीसुद्धा. दोन लेकरं झाली होती तिला, चाळिशी आली होती, आणि त्या कागदावर आता काय काय निघणार याचा तिला नीटसा पत्ता नव्हता.

ती परत फिरली. खुर्चीवरचं पोट उचलून तिनं खाली जमिनीवर ठेवलं आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

“जरा मोठं काढा, बाई,” ती म्हणाली. “मलाही दिसू दे.”